चोवीस शब्दांचा क्रमपाठ

बसवनगुडी, बेंगळूरु

चिरंजीव आशय यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीसाठी, वेदिकेसाठी, जमवलेली तुझी बिटकॉइन जपण्याचे यंत्र तू माझ्या स्वाधीन केलेस आणि आता फोनवर म्हणतोस, "अप्पा, तुम्ही विसराल. यंत्राने दिलेल्या चोवीस शब्दांचा फोटो पाठवा." पाठवणार नाही. ज्याला ते शब्द कळले, धन त्याचे झाले.

एक चूक झाली, ती कबूल करतो. पहिले शब्द मी देवघरात वेदपठणासारखे मोठ्याने घोकले. भिंतीपलीकडून शेजारचे गुरुप्रसाद म्हणाले, "अण्णा, हे कुठलं हो इंग्लिश स्तोत्र? स्वल्प हळू म्हणा!" यंत्रात तेव्हा काहीच जमा नव्हते. ते पुसून मी नवे शब्द घेतले आणि ओठ न हलवता, मागच्याला पुढचा जोडत, क्रमाने पाठ केले. पुढे तुझे धन त्यात आले, तरी काल मुद्दाम यंत्र पुसले आणि शब्द लिहिलेला कागद न उघडता चोवीसही शब्द भरले. सारे जसेच्या तसे परतले. एक्क्याऐंशीव्या वर्षी!

मंत्र कानात देतात, आशय. हवा असेल तर ये, स्नान करून समोर बस. तीन वर्षे तू उंबरा ओलांडलेला नाहीस. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू पुन्हा फोनच करशील.

सारे स्मरणात असलेला,
अप्पा