दोन्ही हात स्टिअरिंगवर

हॅम्बुर्ग, ९ मार्च १९५६

तीर्थरूप बाबांना जयवंताचा दोन्ही हातांनी नमस्कार.

मला इथलं ड्रायव्हिंग लायसन मिळालं. मागच्या महिन्यात नापास झालो होतो, ते कळवलं नव्हतं. काळाचौकीच्या देवळासमोरून लॉरी नेताना तुम्ही छातीला हात लावता ना, तसाच परीक्षेत चर्च दिसताच माझा हात गेला. स्टिअरिंगवरचा हात सुटला म्हणून परीक्षा घेणाऱ्या साहेबाने तिथेच गाडी थांबवायला लावली.

काल तोच साहेब, तेच चर्च. स्टिअरिंग असं आवळलं की बोटं पांढरी पडली. पास झालो.

आईचा खोकला थांबला का? मुंबईतल्या मोर्चांवरच्या गोळीबाराची बातमी इथवर आली. मोर्चाच्या दिवशी लॉरी काढू नका. एरवी देवळासमोरून जाल तेव्हा माझ्याही वाटणीचा हात लावा. माझे दोन्ही इथे अडकलेत.

तुमचा,
जयवंत