डावं पाऊल

६ फेब्रुवारी, मंगळवार
पोचले रेवदंड्याला! रिक्षातून उतरताना मी, दोन कुबड्या आणि एक्स-रेचं पाकीट, असा लवाजमा. माणगावात माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कल्पिताने तिच्या ओळखीच्या भिमाबाईंची खोली मिळवून दिली. एकच पायरी, खिडकीतून खाडी!
शाळेबाहेरच्या गटाराच्या जाळीत डावा पाय अडकला आणि मी पुढे कोसळले, एवढंच निमित्त. पावलाच्या मधली हाडं मोडली, सांधे निखळले. आत एक प्लेट, पाच स्क्रू. आज अलिबागला टाके काढून नवं प्लास्टर घातलं. मार्चपर्यंत पाय जमिनीला टेकवायचाच नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं.
भिमाबाई पासष्टीच्या, एकट्या. अंगणात बोंबील वाळवतात. उशांचा डोंगर रचून त्यांनी माझा पाय वर ठेवला. रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. मला ‘क्रांतीबाय’ म्हणतात.

१० फेब्रुवारी, शनिवार
बोटं हलवायचा व्यायाम चालू. अंघोळीला भिमाबाई प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतात, स्टुलावर बसवतात. आज तोल गेला आणि अंगठा लादीला जरासा लागला, तर केवढ्यानं ओरडल्या: “टेकू नको, बाय! पाया पडते तुज्या!” डोळ्यांत पाणी. मी हसले. नंतर हसू आलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी भिमाबाई बाजारात गेल्या होत्या. डुलकीतून जागी झाले तर उंबऱ्याच्या आत एक ओलं पाऊल. एकच. डावं. बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, मधली कमान पार बसलेली, सपाट.
भिमाबाई आल्यावर त्यांचे पाय पाहिले. लहान, सरळ आहेत.

१७ फेब्रुवारी, शनिवार
आज दोन पावलं. दोन्ही डावी. दुसरं खोलीत हातभर पुढे. खाडीच्या चिखलाचा वास. भिमाबाईंना विचारलं. त्या फडक्याने पुसत बसल्या, लादी कोरडी झाल्यावरही.
आमच्या बौद्धवाडीत भूतखेत मानत नाहीत. वर्गातल्या मुलांनाही मी तेच शिकवते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
चार पावलं. मी रडले, तेव्हा भिमाबाईंनी सांगितलं.
कमळ, त्यांची सून. होडीतून उतरताना पाय अडकला, पावलाचं माझ्यासारखंच झालं. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. घरचे म्हणाले, मुरगळलाय. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली, आणि तिसऱ्या आठवड्यात भिमाबाईंनीच तिला मासळी वाळवायला उभं केलं. पाऊल बसलं ते बसलंच. दोन वर्षं ती फरफटत चालली. एका दुपारी भरतीला खाडीत गेली. त्यानंतर मुलगाही घर सोडून गेला.
या खाटेवरच ती निजायची.
“तुजा पाय बरा झाला तं ती मना सोडील,” म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी, सोमवार
पावलं खाटेपाशी. उठून बसले, पाय खाली सोडला, लादीपासून वीतभर वर. प्लास्टरखाली काहीतरी लागलं. खालून. तळव्याला तळवा. थंडगार. कुणीतरी जमिनीखाली उलटं उभं असावं तसं.
मग त्याने भार दिला.

२८ फेब्रुवारी
पाय उशांवर होता. तरीही भार. रोज थोडा जास्त. ती उभं राहायला शिकते आहे — माझ्या पायावर.
माझ्या भावाला, निकेतला फोन केला. शुक्रवारी येतो म्हणाला.

१ मार्च
निकेतबरोबर अलिबागला जाऊन एक्स-रे काढला. दोन स्क्रू तुटलेत. डॉक्टर चिडले, तुम्ही चालत होता म्हणाले. मी शपथ घेऊन नाही म्हटलं. रिक्षात निकेत हळूच म्हणाला, ताई, खोटं कशाला बोललीस? माझा सख्खा भाऊ —
रविवारी पुन्हा दाखल व्हायचं. उद्या तो गाडी घेऊन येईल. एकच दिवस.

२ मार्च. दुपार
निकेत वडखळला अडकलाय, ट्रॅफिक.
भिमाबाई उंबऱ्यात बसल्यात, माझ्याकडे नाही, खोलीतल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. कमळशी बोलतायत. चुकी माजी हाय, म्हणतायत. पोरीला सोड. माजा घे.
डावा पाय पुढे केलाय त्यांनी.

ओली पावलं वळली. माझ्यापासून दाराकडे. मी पाहिली, एकेक उमटताना —

आवाज झाला. हाड मोडल्याचा. भिमाबाई पडल्या. ओरडतायत. पाऊल पार उलटं झालंय. त्यांना कुणीतरी अंगणात खेचतंय — बोटं उंबऱ्याला धरून आहेत —
कुबड्या तिकडे, त्यांच्याजवळ. हाका मारल्या. कुणी नाही. निकेत फोन उचलत नाही.
कुणी आलं तर कळावं म्हणून लिहितेय. मला उतरावं लागेल. टेकावंच लागेल.

टेकवला. वही हातातच आहे.
दुखत नाही. जरासुद्धा दुखत नाही —
मी दाराकडे निघाले तर हा पाय खिडकीकडे — खाडीकडे — भिमाबाई, धरा मला, हा माझा पाय ना