भरवशाचे वजनकाटे

२ जून, सोमवार
निर्णय पक्का. नोकरी पुरे, आता ऑनलाइन धंदा. माल : घरगुती वजनकाटे, वर उभं राहायचे. मागणी अमाप. जगात जाड माणसं वाढताहेत आणि प्रत्येकाला आपण जाड नसल्याचा पुरावा हवाय.

प्रश्न एकच, भरवशाचा होलसेलर. पण मला कोण फसवणार? वीस वर्षं ऑफिसच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेतोय. खोक्यावर टिचकी मारली की आतलं कळतं. साहेब म्हणतात, टिचक्या बस करा, खोकी उघडत जा. साहेबांना कलेची जाण नाही.

५ जून
सकाळपासून होलसेलरांना फोन. पहिल्याने गोडाऊनचा पत्ता विचारताच फोन ठेवला. दुसरा म्हणाला, आधी पैसे टाका, मग बोलू. तिसऱ्याच्या आईने उचलला. तो शाळेत गेला होता.

चौथा मात्र माणूस! पहिल्याच वाक्यात मला शेठ म्हणाला. पारख आहे. सॅम्पल पाठवतोय.

९ जून
सॅम्पल आलं. काय चकाकी! उभा राहिलो : ८४. शेजारच्या दवाखान्यात जाऊन ताडून पाहिलं : ८४. झालं की! शितावरून भाताची परीक्षा.

ही म्हणाली, अहो, पण शीत दुसऱ्याच्या पातेल्यातलं असलं तर?

बायकांना धंद्यातलं कळत नाही.

११ जून
तरी मी गाफील नाही. होलसेलरकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. त्याने हसत तीन दिले. तिघांनाही फोन केला. तिघेही खूश. माल एक नंबर, माणूस देवमाणूस.

गंमत म्हणजे तिघांच्याही मागे कुत्रं भुंकत होतं. भसाडं, मध्येच खोकल्यासारखं. माझे कान तिखट, लगेच टिपलं. निष्कर्ष : यशस्वी माणसं कुत्रा पाळतात.

जेवताना हे घरात सांगितलं. लेक लक्ष देऊन ऐकत होती. एरवी ऐकत नाही.

१३ जून
आज गोडाऊन बघायला जाणार होतो. दोन बस बदलाव्या लागतात. होलसेलर म्हणाला, शेठ, तुम्ही कशाला उन्हात? व्हिडिओवर दाखवतो. ढीगभर खोकी. खोक्यांवर साबणाच्या कंपनीचं नाव. माणसाचे संबंध मोठे दिसतात.

सगळे पैसे आगाऊ भरले. अर्धे दिले असते तर संशय घेतल्यासारखं दिसलं असतं.

१६ जून, सोमवार
साहेबांना राजीनामा दिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. कसला धंदा, कोणाकडून माल, सगळं विचारलं. तेही लवकरच रिटायर होताहेत. मी मोठ्या मनाने होलसेलरचा नंबर दिला. गरिबाचं भलं होऊ दे.

हिला राजीनाम्याचं बोललो नाही. पहिला माल खपला की एकदम सांगायचं.

१९ जून
माल आला! लेकीची खोली छतापर्यंत भरली. ती आता हॉलमध्ये, तोंड फुगवून.

तपासणी केली. वरचं एक खोकं उघडून उभा राहिलो : ८०! दहा दिवसांत चार किलो! धावपळ अंगी लागली. लेक म्हणाली, बाबा, दुसरा काढून बघा ना. कशाला? हा इतका चांगला असताना?

बाकीच्यांना टिचकी मारली. पास.

२३ जून
लेकीने कुत्र्याचं पिल्लू आणलं. म्हणते, बाबा, तुम्हीच म्हणालात.

२६ जून
वीस काटे खपले. आता अभिप्राय येताहेत. एका बाईंचं वजन नवऱ्यासकट आणि नवऱ्याशिवाय सारखंच भरतं. एक व्यायामशाळावाले लिहितात, खाली उतरलो तरी सोळा किलो उरतात, ते कोणाचे? मी नम्र उत्तर दिलं : वजन ही मानसिक गोष्ट आहे.

वीसही परत निघालेत. हिने घरातले सहा काटे ओळीने मांडले, एकेकावर चढून पाहिलं आणि तिसरा स्वतःसाठी बाजूला काढला.

मी पाचव्यावर उभा राहिलो : ९५. तो काटा सदोष आहे.

२७ जून
होलसेलरला झापलं. तो शांत. म्हणाला, शेठ, सगळा माल परत घेतो, पैसेही देतो. फक्त तुमच्या ऑफिसातले एक साहेब चौकशी करताहेत. मी त्यांना तुमचाही नंबर दिलाय. फोन आला की चार शब्द चांगले बोला. त्यांची ऑर्डर पडली की आपला हिशेब मिटला.

विचार केला. नोकरी गेली, माल पडून, लेक हॉलमध्ये. चारच शब्द तर आहेत.

२८ जून
साहेबांचा फोन आला. घसा साफ करून म्हणालो, माल एक नंबर, माणूस देव... तेवढ्यात पिल्लू भुंकलं.

साहेब म्हणाले, तुमच्याकडेही कुत्रा? आधीच्या तिघांकडेही होता. आवाजावरून तो एकच होता, तुमचा जरा लहान वाटतो.

मग विचारलं, खोकी उघडली होतीत का हो?

माझ्या वतीने पिल्लू बोलत होतं.

३० जून, सोमवार
होलसेलरचा नंबर बंद.

ऑफिसला गेलो. साहेबांनी ड्रॉवरमधून राजीनामा काढून हातात दिला, पुढे पाठवलाच नव्हता. वर आज आलेला सगळा माल एकेक खोकं उघडून मोजायला लावला. टिचकी मारायची नाही, म्हणाले.

घरी येऊन हिला धीर करून राजीनाम्याचं सांगायला गेलो. ही भाजी निवडत म्हणाली, अहो, साहेबांनी सोळा तारखेलाच फोन केला होता. मीच म्हटलं त्यांना, राहू द्या ड्रॉवरमध्ये, महिनाअखेर येतील.

संध्याकाळी खोली आवरताना सॅम्पल सापडलं. त्यावर उभा राहिलो : ८६.

ते खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. ८० वाला काटा पलंगाखाली ठेवलाय. एवढ्या मालात तोच काय तो भरवशाचा निघाला.