वखारीचं चित्र

टाम्पेरे, मंगळवार

प्रिय आई,

मी मजेत आहे. तू दिलेला काळा पाव अजून पुरतोय. बाबांना सांग, व्यवस्थापनाचा अभ्यास छान चाललाय.

आज वर्गात आमच्या शिक्षिका सोइंतूबाईंनी आम्हाला आपापला धंदा चित्रात मांडायला सांगितला. मी आपली लाकडाची वखार काढली. करवतीपाशी बाबा, ट्रकपाशी राइलीताई, ऑफिसच्या खिडकीमागे मी.

बाई हसून म्हणाल्या, "वेइक्को, तू घरी कुठून जाणार रे? ऑफिसला दारच नाही!"

मी पेन्सिल उचलली, पण दार काढवेना. "मला तिथे बसायचंच नाही," असं तोंडून निघून गेलं.

आई, वखार ताईला हवी आहे, हे तुला ठाऊक आहे ना? बाबांशी तूच बोल. समोर आले की मी पुन्हा "हो बाबा"च म्हणेन.

गुडघ्याला जप.

तुझा,
वेइक्को