सिसिलीची चौदा चित्रं

क्लूनबार, परगणा मेयो
६ मार्च १९६२

प्रिय मिस वॉलर,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी पोचलं. पोस्टमनने सायकलवरून न उतरताच ते कुंपणावरून दिलं आणि म्हणाला, "डब्लिनचं आहे मास्तर. अक्षर बाईचं. या वयात बरं दिसतं का?" आमच्याकडे पत्राआधी पत्राची बातमी गावभर होते, हे तुम्ही विसरला नसाल. माझं बरं चाललं आहे. गुडघे तेवढे सोबत करत नाहीत. तुमच्या डोळ्यांचं वाचून मात्र जीव हळहळला. डॉक्टर म्हणतात नजर एवढं एक वर्षच, पण डॉक्टरांना तरी काय कळतं.

तुम्ही लिहिता, सिसिली मॅहनच्या चित्रांचं प्रदर्शन मे महिन्यात भरतं आहे. ती जाऊन अठरा वर्षं झाल्यावर डब्लिनला जाग आली. आणि मोठ्या दालनातली एक अख्खी भिंत तुम्ही मोकळी ठेवली आहे, आमच्या चर्चसाठी तिने काढलेल्या क्रूसाच्या वाटेच्या, प्रभूच्या त्या शेवटच्या प्रवासाच्या, चौदा चित्रांसाठी. ती जळाली असंच तुम्ही तीस वर्षं धरून चालला होतात, आणि माझ्या नाताळच्या कार्डातली ती एक ओळ वाचून जिन्यातच बसलात. आता विचारता आहात, चित्रं कुठे आहेत आणि कधी येतील.

तर सांगतो. ती जळाली नाहीत. प्रभूचं वेडंवाकडं रूप नको म्हणून बिशपसाहेबांनी ती एकतीस साली उतरवायला लावली, आणि फादर गिल्सनन यांनी मला बोलावून म्हटलं, "मास्तर, आशीर्वाद दिलेली वस्तू उकिरड्यावर टाकता येत नाही. जाळायची आणि राख चर्चच्या आवारात पुरायची. ते काम तुमचं." मी शाळेतले फाटके नकाशे आणि दोन मोडकी बाकं जाळली. फादरनी त्या राखेवर प्रार्थना म्हटली. आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका आजही तिथे पवित्र जागेत निजल्या आहेत. चित्रं मात्र मी आणि माझी बायको नॅन, दोघांनी गाढवाच्या गाडीतून आमच्या वाटणीच्या दलदलीत नेली. सारा गाव त्या दिवशी जत्रेला गेला होता. प्रत्येक चित्र लोकरी घोंगडीत गुंडाळलं, ओकच्या पेटीत ठेवलं आणि जळणासाठी पीटची माती कापतात त्या खड्ड्यात चार हात खाली पुरलं.

तुम्ही शहरातल्या माणसांनी घाबरू नये. आमची दलदल काही नासू देत नाही. माझ्या वडिलांना पीट कापताना लोण्याचा लाकडी डबा सापडला होता, कुणा राजाच्या काळातला. लोणी पांढरं होतं. पलीकडच्या गावात एका बाईचा लोकरी झगा निघाला, त्याची शिवणसुद्धा उसवली नव्हती. जमीन थोडी सुकू द्या, मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला, टॉमीन रुआनला, घेऊन काढतो.

तो १९३० चा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही दोघी पॅरिसहून आलेल्या, दहा हिवाळे त्या एकाच गुरूच्या हाताखाली काढलेल्या. चौकोन आणि तिरप्या रेषा मांडता मांडता तुम्ही त्याचीच वाक्यं एकमेकींच्या तोंडावर फेकायचात. गावातल्या बाया खिडकीतून डोकावून जायच्या. टॉमीनची आई म्हणाली होती, "प्रभू पडला हे खरं, पण इतका तुकडे तुकडे होऊन पडला हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं बाई." सिसिली हसून हसून खाली बसली होती.

मला त्या चित्रांतलं काही कळेना, तेव्हा तिने माझ्याच वर्गात येऊन मला शिकवलं. पोरं कविता म्हणत होती. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या कवितेत ध्रुवपद परत येतं ना? माझा हा निळा कोन तसाच परत येतो. पहिल्या चित्रात छोटा, शेवटच्यात अख्खा." चाळीस वर्षं मी कविता शिकवली, पण ध्रुवपद कशासाठी असतं ते मला त्या दुपारी समजलं.

लवकरच कळवतो. डोळ्यांना जपा.

आपला,
फेलिम ओडाउड


क्लूनबार
२ एप्रिल १९६२

प्रिय हॅरिएट,

नावाने लिहितो आहे. या वयात त्याला कुणी हरकत घेऊ नये.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. जमीन अजून ओलीच आहे. यंदाचा मार्च फार वाईट गेला. इथे कोकरं जन्मली आहेत, कुंपणाला पिवळी फुलं आली आहेत, आणि सकाळी चालताना मला जुन्या क्रमिक पुस्तकातल्या ओळी आठवतात, अर्ध्याच. उरलेली अर्धी आठवत बसण्यात दिवस जातो. तुम्हाला हसू येईल. सिसिलीला यायचं. ती म्हणायची, "मास्तर, तुम्ही पावसात उभं राहून पावसाची कविता आठवता."

एक सुचवतो. अख्खी भिंत मोकळी ठेवायलाच हवी असं नाही. तिची नंतरची चित्रं, नुसत्या आकारांची, ती किती मोठी आहेत. ती तिथे शोभतील.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत तुम्ही लिहिलेला मजकूर वाचला. १९३१ नंतर तिने माणसाचा चेहरा काढणं सोडलं, ते पॅरिसच्या गुरूची शिकवण शेवटाला नेण्यासाठी, असं तुम्ही म्हणता. छान लिहिलं आहे. त्या परिच्छेदाबद्दल मला काही बोलायचं आहे. पण पुन्हा कधीतरी.

आपला,
फेलिम


क्लूनबार
१६ एप्रिल, पवित्र आठवड्याचा सोमवार

प्रिय हॅरिएट,

मागच्या पत्रात जमीन ओली आहे असं लिहिलं. जमीन ओली नव्हती. मी ते पत्र लिहिलं त्याच्या बारा दिवस आधी आम्ही खणलं होतं.

टॉमीन कुदळ घेऊन आला. त्याला वाटलं मी म्हातारपणी खुळावलो. "मास्तर, लोणी पुरलंय की सासू?" म्हणाला. मी म्हटलं, "तू खण. शाळेत कधी खणलं नाहीस तेवढं आता खण." दीड तासाने कुदळ लाकडावर वाजली. पेटी तशीच होती, काळी पण भक्कम. झाकण उघडलं. घोंगड्या शाबूत. नॅनने मारलेल्या गाठी शाबूत, तिची ती उलटी गाठ, जी मला कधी सोडवता आली नाही. मी टॉमीनला म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" हॅरिएट, तेवढी पाच मिनिटं मी फार सुखात होतो.

पहिली घोंगडी उलगडली. आत लाकडी चौकट होती, चारही कोपरे धड. चौकटीत काही नव्हतं. दुसरी उलगडली. तिसरी. टॉमीनची चेष्टा चौथ्याला थांबली. चौदा चौकटी आम्ही गवतावर ओळीने लावल्या आणि चौदांतूनही पलीकडचं गवत दिसत होतं. घोंगड्यांच्या घड्यांत तपकिरी चिखल होता आणि त्यात रंगाच्या कपच्या, नखाएवढ्या. बोट लावलं की पीठ. टॉमीनने टोपी काढली. मग म्हणाला, "मास्तर, कुणी आधी येऊन चोरली असतील हो." भला माणूस. गाठी नॅनच्याच होत्या हे त्यालाही दिसत होतं.

संग्रहालयातल्या एका गृहस्थांना मी पत्र घातलं. चार ओळींत उत्तर आलं. दलदलीचं पाणी आंबट असतं. लोकर, चामडं, लोणी, माणसाची कातडी हे सगळं त्यात टिकतं. जवसाच्या धाग्याचं कापड विरतं, आणि रंगाखालचा खडूचा थरही. सिसिलीने पॅरिसचं कापड नाकारलं होतं, आठवतं? "या मातीतलं चित्र या मातीतल्या जवसावर," असं म्हणून तिने इथल्याच बायांकडून ते विणून घेतलं होतं. इथे प्रत्येक घरात दलदलीतून निघालेल्या वस्तूंच्या गोष्टी सांगतात. काय निघालं नाही, याची गोष्ट कोण सांगणार?

शाळेचा माळा कोरडा होता. तिथे ठेवली असती तर आज तुमच्या भिंतीवर असती. पण शाळा फादरांच्या ताब्यात, मला ठेवायचं की काढायचं हेही त्यांच्याच हातात, आणि ते महिन्याला माळ्यापर्यंत सगळं तपासायचे.

इथवर लिहून मी तीन दिवस थांबलो होतो. पुढचं आता लिहितो.

चित्रं उतरवली त्या वर्षी, एकतीसच्या सप्टेंबरमध्ये, सिसिली आली होती, एकटीच. हे तिने तुम्हाला सांगितलं नसावं, नाहीतर तुम्ही तो परिच्छेद तसा लिहिला नसता. बसमधून उतरून सरळ शाळेत आली. पोरं घरी गेली होती. फादर गावात नव्हते. दारात, खिडकीत कुणी नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कुणीतरी ऐकत होतं.

ती म्हणाली, "मास्तर, फादर म्हणतात तुम्ही जाळलीत. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मला वाटलं, खरं सांगितलं तर ती चित्रं मागणार, तिच्या जागी मीही मागितली असती. गाडी येईल, पेटी निघेल, गावाला कळेल, आणि मी चाळिशीत नोकरी घालवून इंग्लंडला विटा उचलायला जाईन. मी म्हटलं, "हो. मी स्वतः जाळली."

एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप लहान राहिलं असतं. तिने विचारलं, "कशी जळाली?" आणि मी सांगितलं. मला सांगता येत होतं म्हणून सांगितलं. जन्मभर पोरांकडून घोकून घेतलेल्या साऱ्या कविता माझ्या मदतीला आल्या. निळा आधी कसा हिरवा झाला, चेहरे कसे आतून उजळले, शेवटचं चित्र विझता विझत नव्हतं, असं काय काय. सांगता सांगता मीच रुमाल काढून डोळे टिपले. ती बाकावर बसून ऐकत होती, पोरासारखे हात मांडीवर ठेवून. शेवटी म्हणाली, "फार सुंदर सांगता, मास्तर." मग उभी राहिली. "आता मला ते दिसतच राहणार."

परतीच्या बसपर्यंत मी तिला पोचवायलाही गेलो. वाटेत आम्ही हवेबद्दल बोललो.

त्यानंतर तिने एकही चेहरा काढला नाही. तुमच्या प्रस्तावनेत त्याला पॅरिसच्या शिकवणीचा कळस म्हटलं आहे, आणि विद्वान मंडळी ते उचलून धरतील. गुरूला त्याचं श्रेय देऊ नका. ती माझी शिकवण होती. तेरा वर्षं ती नुसते आकार मांडत राहिली, आणि त्या सगळ्या तेरा वर्षांत एका पोस्टकार्डाने मी तिला चेहरे परत देऊ शकलो असतो. दरवर्षी उपवासकाळ आला की ठरवायचो. चव्वेचाळीस साली वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची चार ओळींची बातमी वाचली आणि, हॅरिएट, खरं लिहायचंच ठरवलं आहे तर हेही लिहितो, सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

नाताळात तुम्हाला ती ओळ का लिहिली, विचाराल. पुण्य पदरी पडावं म्हणून. फादर वारले, बिशप वारले, नोकरी संपली, नॅन गेली, आता कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं. मी खोटं बोललो होतो, आणि दलदलीने तीस वर्षं खपून ते खरं करून ठेवलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. तुमच्या उरलेल्या वर्षभराच्या नजरेत मी एक भिंत उभी केली आणि तिच्यावर लावायला माझ्याकडे काही नाही.

छापखान्यात वेळ असेल तर तो परिच्छेद बदला. लिहा, की क्लूनबारच्या शाळामास्तराने तिला चित्रं जाळली असं सांगितलं आणि तिने विश्वास ठेवला. माझं पूर्ण नाव घाला. हे धाडस आहे असं समजू नका. या वाक्याला एकतीस साली किंमत होती.

चौकटी पाठवत नाही. तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या राहाल, आणि हाताने चाचपाल, ते मला सोसणार नाही. हाही माझाच स्वार्थ.

क्षमा मागत नाही. जिने द्यायची तिच्याकडे, ती असताना, मी ती मागितली नाही. तुमच्याकडे तिच्या वतीने मागणं म्हणजे पुन्हा एकदा सुंदर बोलणं होईल. उत्तर लिहून डोळे शिणवू नका.

या खेपेला 'आपला' लिहवत नाही.

फेलिम ओडाउड