करवंदीच्या जाळीतला बिबळ्या

८ मे १९३८, माथेरान

स. सहाला भाईंदर सोडलं. दादरला गाडी बदलून नेरळ, तिथून छोटी गाडी. पास्कू खिडकी सोडेना. शाळेत तो गणित शिकवतो, मी मराठी. सात वर्षं एकाच खोलीत बसतोय, पण सुटीत बरोबर निघालो ते पहिल्यांदाच. उत्तनच्या माणसाला डोंगराचं एवढं काय, म्हणून विचारलं. म्हणाला, "दर्यात सगळं पाण्याखाली असतं रे. इथं जनावर दिसतं तरी."

पैज लावली. दोघांच्या दोन वह्या. ज्याच्या वहीत जास्त जनावरं, तो जिंकला. स्वतः पाहिलेलंच लिहायचं.

गाडी वळणांवर इतकी हळू, की उतरून चालावं. जुम्मापट्टीच्या पुढे त्याला शेकरू दिसलं. तांबूस, लांब झुपकेदार शेपटी. मला फक्त हललेली फांदी. पास्कू ३, मी १. माझं माकड. ते कुणालाही दिसतं.

१० मे

पास्कू ९, मी ४. बापजाद्यांची नजर दर्यावर मासा हुडकण्यात गेलेली, तीच याच्याकडे आलीय. सकाळी भेकर. मी मान वळवीपर्यंत गेलंसुद्धा.

खाणावळीत पंगतीला वही वाचून दाखवली त्याने. "आमचे दत्तू मास्तर माकडांवरच थांबलेत." सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं. एवढ्याशा गोष्टीचं लागावं? लागलं खरं.

१२ मे

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

पास्कू गेला. काल सं. साडेपाचला, कड्याच्या टोकावरून. आज दुपारी कातकऱ्यांनी खालून वर आणला. चेहरा ओळखू येत होता. एवढंच.

फौजदारांनी विचारलं, तो कडेला कशाला गेला? मी म्हटलं, बिबळ्या दिसला. त्यांनी लिहून घेतलं.

इथे तरी खरं लिहितो. जाळीत काही नव्हतं. मीच म्हटलं, "पास्कू, त्या करवंदीच्या जाळीत बिबळ्या. हळू." एकदा तरी मी पाहिलेलं आणि त्याला न दिसलेलं काहीतरी हवं होतं मला. तो लहान मुलासारखा हरखला. जाळीच्या पलीकडून दिसेल म्हणून कडेकडेने सरकला. "कुठंय रे? कुठंय?" मी बोट दाखवत राहिलो. मग दगड निसटला.

ओरडला नाही.

१३ मे

पास्कूचा थोरला भाऊ आंतोन आला. छोट्या गाडीच्या मालडब्यातून पेटी खाली नेली. मलाही जायचं होतं, पण फौजदार म्हणाले, जागा दाखवायला तुम्ही लागाल. आज उत्तनला माती झाली असेल. मी तिथे नाही.

इथे सगळीकडे बोलणं झालंय की बिबळ्याने झडप घातली. झडप मी म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. हवा खायला आलेले एक निवृत्त साहेब आहेत, बंदूकवाले. ते म्हणतात, माणसावर आलेलं जनावर जिवंत ठेवता येत नाही.

१४ मे

साहेबांना जागा दाखवली. बरोबर माग काढणारा म्हातारा कातकरी, पांडू. जाळीभोवती उकिडवा बसून बसून फिरला. माती चिमटीत धरून पाहिली. साहेबांना म्हणाला, "माग नाय." साहेब म्हणाले, पालापाचोळ्यात कसा दिसणार. ते पुढे गेल्यावर पांडू माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मास्तर, हितं जनावर आल्यालं न्हाय."

मी म्हटलं, मी पाहिलं ना.

तो धोतर झाडून उठला.

शेळी बांधलीय. मचाण दोन फर्लांग खाली.

१६ मे

पहाटे मारला. बिबळ्या नव्हे, मादी. बाजारात ठेवलीय, बघायला रांग. फोटो काढला. मला तिच्याशेजारी उभं केलं. मी उभा राहिलो.

मला वाटलं होतं डोंगरात बिबळ्या असणारच नाही. चार रात्री बसतील, कंटाळतील, घरी जातील. खरंच तसं वाटलं होतं.

पांडूने तिचं पोट दाबून दाखवलं. आचळातून दूध आलं. "पिल्लं असतील दरीत. आता ती काय जगत न्हाईत." साहेबांना सांग म्हटलं. म्हणाला, "तुमी सांगा."

२० मे, गोडदेव

घरी आलो. आई विचारते, जेवत का नाहीस. आज उत्तनला जाऊन आलो. पास्कूची आई, रोझामावशी, दारातच बसलेली. माझा हात धरून आत नेलं. म्हणाली, "दत्तू, लोक काय काय बोलत व्हते. प्याला आसंल, म्हनून पडला. आता त्यांची तोंडं बंद झाली. वाघ व्हता, मेला बी. तू व्हतास म्हनून माज्या पोराचं खरं कळलं."

तो थेंबही घेत नसे. हे मी तिला सांगितलं. एवढंच खरं सांगितलं.

२ जून

आंतोनला गाठलं, बंदरावर. जाळं विणत होता. म्हटलं, आंतोन, त्या दिवसाचं थोडं सांगायचंय. तो म्हणाला, "मास्तर, वाघ मेला आयकल्यापासून आई दोन घास खाते. तुमचं उपकार हायत." मग विचारलं, "काय सांगनार व्हता?"

म्हटलं, महिन्याच्या मिस्सेला, देवळातल्या प्रार्थनेला, येईन.

रोझामावशीसाठी गप्प बसलो, असं घरी येताना मनाला सांगितलं. निमित्त बरं सापडलंय. खरं कळलं तर पास्कूचं नाव काही खराब होत नाही. खराब होईल ते माझं.

११ जून, उत्तन

मिस्सा झाली. देवळासमोर गाव थांबलंय. रोझामावशीने पाद्रींना सांगून ठेवलंय, मास्तर सगळ्यांसमोर सांगतील, तेव्हा काय झालं ते. मी इथे ठेवलेली ही वही घ्यायच्या निमित्ताने आंतोनच्या घरी आलोय.

दोन वाक्यांत संपेल. जाळीत काही नव्हतं. मी खोटं बोललो. त्यापुढे रोझामावशीच्या तोंडाकडे बघावं लागेल.

आंतोन दारात येऊन उभा राहिलाय. "मास्तर, चला. सगळी खोळंबलीत."

उठतो.