डावीकडची फट

जुने शहर, अकोला
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय आचल,

सप्रेम जय भीम. तू, जावईबापू आणि आकांक्षा मजेत असाल. फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून या वयात पोस्टाची पायरी चढले.

इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, पण स्वयंपाक एकटीचा, तो असतो किती! शेजारच्या इंदूबाई रोज विचारतात, "काहून वं जयवंता, पोरगी नाही आली काय?" मी म्हणते, "तिले सुट्टी नाही." सुट्टीचं नाव घेतलं की माझीच जीभ जड होते.

इस्रायलमध्ये नऊ वर्षं ज्यांना मी उचललं, न्हाऊ घातलं, त्या मिरियम आजी मागच्या वर्षी गेल्या नि मी परतले, हे तुला कळलंच असेल. औषधांची नावं वाचता यावीत म्हणून त्यांनी मला हिब्रू अक्षरं शिकवली होती. ओट्यावर पीठ पसरायचं आणि बोटानं गिरवायचं. त्यात एक 'हे' नावाचं अक्षर. वर आडवी रेघ, तिच्या उजव्या टोकातून खाली उतरलेला पाय, आणि डावीकडे एक आखूड पाय, वर न टेकलेला. मी तो दर वेळी रेघेला नेऊन भिडवायची. आपल्या हाताला शिरोरेषेची सवय! आजी चिडायच्या. "दार बुजवलंस," म्हणायच्या आणि नखानं फट पुन्हा मोकळी करायच्या.

एकदा त्यांनी समजावून सांगितलं. जग याच अक्षरातून झालं, असं त्यांच्यात मानतात. खालून ते सताड उघडं. ज्याला जायचं तो जातो, देव अडवत नाही. पण चुकलेला माणूस परत येऊ म्हणतो, तेव्हा खालच्या वाटेनं त्याला येता येत नाही. त्याच्यासाठी डावीकडे वर ही फट. अरुंद आहे, आतून कुणी हात दिला तरच जमतं. आपल्या घरात देव नाही, तरी पीठ गोळा करता करता मला रडू कोसळलं. आजींनी विचारलं, तेव्हा कांद्यावर ढकललं.

तुझे बाबा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

त्याआधी तू फोनवर म्हणाली होतीस, "आई, बाबा तुले विचारून राहिले. ये ना वं." मी म्हटलं, सुट्टी देत नाहीत. आचल, सुट्टी मिळाली होती. आजींच्या मुलानं तिकीट काढून हातात दिलं होतं. मी ते परत केलं.

तिथं मला स्वतःची खोली होती. शनिवारी समुद्रावर एकटीनं बसता यायचं, कुणी काही विचारत नव्हतं. तुझ्या बाबांच्या उशाशी एकदा बसले की पुन्हा निघणं होणार नाही, याची भीती वाटली. ते मरायला टेकले होते आणि मी माझी खोली जपत होते. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मला एकटीनं राहायला आवडत होतं. आता एकटीच आहे, आणि घर खायला उठतं.

मागच्या मंगळवारी एसटीनं अमरावतीला आले होते. तुझ्या फाटकापर्यंत. आकांक्षा अंगणात चित्र रंगवत बसली होती. कपाळ अगदी तुझं. तिनं मान वर करून विचारलं, "कोन पाह्यजे तुमाले?" मी म्हटलं, "कोनी नाही." आणि परतीची गाडी पकडली. तुझ्याशी खोटं बोलले ते बोलले, तिच्याशीही बोलले, हे काही गिळवेना. म्हणून लिहायला बसले.

माफी मागायला तोंड नाही. माझ्याशी बोलू नकोस, पत्राचं उत्तरही देऊ नकोस हवं तर. फक्त तिला सांग, फाटकाशी आलेली ती बाई कोण होती.

तुझ्या आकांक्षाची आजी,
जयवंता